पलीकडच्या घराची ओ

माहितीपत्रक चकचकीत कागदावर छापलेले होते आणि त्यातले पहिलेच वाक्य चुकीचे होते. ‘येथे शांतता नांदते.’ खाली दरीचे छायाचित्र, त्याखाली गावाची उंची, पाहुण्यांनी कोणत्या महिन्यांत यावे, आणि गुंतवणूकदारांसाठी एक ठळक ओळ: ‘अस्पर्शित उतार, अमर्याद संधी.’

त्या गावात शांतता कधी नांदलीच नव्हती. गाव दरीच्या दोन्ही अंगांना वसलेले. अलीकडे खानावळ, शाळा, दुकान आणि बहुतेक घरे. पलीकडे पूर्वी बरीच घरे होती, आता नांदती दोनच राहिली होती. मधल्या दरीत उतरून समोर चढायचे तर धडधाकट माणसाचा अर्धा दिवस मोडायचा. फोनचा सिग्नल शेवटच्या वळणाच्या खालीच संपायचा. म्हणून हे गाव ओरडून बोलायचे. खानावळीच्या गच्चीला लागून कठड्याचा एक कोपरा होता, तिथून आवाज नेमका समोर जायचा. वाक्य तोकडे ठेवायचे, शेवटचा स्वर लांबवायचा, आणि कड्यावरून येणारा प्रतिध्वनी विरेपर्यंत पुढचा शब्द काढायचा नाही. घाई करणाऱ्याचे बोलणे त्याच्याच आवाजात बुडायचे.

गावात सर्वांत जास्त ओरडायच्या त्या गावची शिंपीण आणि तिची नणंद. शिंपीण अलीकडे, खानावळीच्या मागच्या घरात शिवणयंत्रावर बसायची. नणंद पलीकडे सर्वांत वरच्या घरात शेळ्या पाळून एकटी राहायची. तिला सगळे गाव आत्याच म्हणे. दोघींमधला दुवा असलेला माणूस, एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ, जाऊन बरीच वर्षे झाली होती. भांडण मात्र त्याने मागे ठेवले होते.

“वन्सं, औषध घेतलंत का?”

“घेतलं! कडू जहर! तूच उकळलंस वाटतं!”

“मी उकळलं असतं तर एव्हाना गुण आला असता!”

गच्चीवर चहा पिणारे लोक कप खाली ठेवून ऐकायचे. त्या दिवशी कोण जिंकले यावर खानावळीत वाद व्हायचे.

पण दिवेलागणीची हाक वेगळी. तिच्यात थट्टा नसे. अलीकडून हाक जायची, पलीकडच्या प्रत्येक घरातून ‘ओ’ यायची, आणि मगच अलीकडचे लोक दारे लावायचे. ओ आली नाही तर कोणीतरी चपला घालून निघायचे. पलीकडचा दुसरा रहिवासी, मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणारा मधवाला, पाय मोडून पेट्यांमध्ये पडला होता, तेव्हा तो असाच सापडला होता.

वाऱ्याच्या दिवसांत आवाज पोहोचत नसे. तेव्हा हाकेच्या जागी कापड यायचे. पलीकडच्या माणसाने उठल्यावर अंगणाच्या भिंतीवर एखादी चादर टाकायची आणि दिवे लावताना ती काढून घ्यायची. नुसती चादर दिसली म्हणून कोणी निश्चिंत होत नसे. ती सकाळी पडायला हवी आणि संध्याकाळी उचलली जायला हवी. खुशाली त्या हालचालीत असायची.

माहितीपत्रक लिहिणारा तरुण नेमका वाऱ्याच्याच आठवड्यात आला. एका मोठ्या कंपनीने त्याला पाठवले होते. तो भला होता, सगळ्यांशी हसून बोलला, थंडीने कुडकुडला, भिंतीवरच्या चादरींचे फोटो काढले. गाव गप्प दिसले, त्याने गप्प लिहिले. ‘हे नेहमी असंच असतं का?’ एवढे एक वाक्य त्याने कोणालाही विचारले नाही. लोकांनी त्याचे नाव पत्रकवाला ठेवले.

पत्रक छापून झाल्यावर कंपनीने कळवले की गुंतवणूकदार स्वतः येणार आहेत, दोन दिवस राहणार आहेत. ही बातमी आणली शिंपिणीच्या मुलाने. तो गावातली एकमेव जीप चालवायचा. खानावळीचा मालक हाच गावाचा प्रमुख होता; त्याने सगळ्यांना गच्चीवर बोलावले. पत्रकवाला सोबत होता.

“कंपनी आली तर रस्ता रुंद होईल,” प्रमुख म्हणाला. “दवाखान्यात डॉक्टर येईल. नुसतं दार आणि कुलूप नाही. आपल्याला करायचंय इतकंच की दोन दिवस तोंडाला कुलूप लावायचं.”

“तुला जमेल का?” मागून कोणीतरी विचारले आणि हशा पिकला.

“पाहुणे शांततेसाठी येतायत,” पत्रकवाला समजावू लागला. “पत्रकात तसं लिहिलंय. ते येतील आणि इकडे आरडाओरडा...”

“आरडाओरडा?” शिंपीण म्हणाली. “अरे, तो आमचा टेलिफोन आहे.”

“मावशी, दोनच दिवस. वाऱ्यात तुम्ही चादरी टाकता ना, तेच करू. फोटोतही तेच आहे.”

हे लोकांना पटले. चादरीवर गावाचा भरवसा होता. अळीमिळी गुपचिळी, दोन दिवस, आणि मग डॉक्टर. सौदा वाईट वाटला नाही. शिंपिणीच्या मुलाने तर आईच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, “आत्याला मी स्वतः सांगतो.”

त्याने कोपऱ्यावरून सांगितले. त्याचा आवाज खालच्या शहरात राहून बिघडला होता. तो घाई करायचा.

“काय म्हणतोस?” पलीकडून आले. “शब्दांचा काला केलास मेल्या! आईला दे!”

शिंपिणीने हाक लावली. “पाहुणे येतायत! दोन दिवस ओरडायचं नाही! चादर टाका!”

 मग आत्याचा आवाज आला, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. “माझ्या घरात मी गप्प बसू? कोणाच्या बापाचं ऋण आहे?”

“डॉक्टर येणार आहे, वन्सं!”

“मग त्याला आधी तुझा घसा दाखव!” आणि प्रतिध्वनी विरल्यावर, “बरं! दोनच दिवस!”

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कंपनीचा एक माणूस पलीकडे जाऊन आला. गावाला वाटले, वाट पाहून आला असेल. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर त्याने काय केले ते दिसले. आत्याच्या घरावर एक उंच खांब उभा होता आणि त्यावर कोरे, केशरी, भलेमोठे कापड फडकत होते. मधवाल्याच्या घरावर तसेच निळे. ओसाड पडलेल्या घरांवरही पिवळे, हिरवे. जुन्या चादरी फोटोत मळक्या दिसतात, असे पत्रकवाल्याचे म्हणणे. आत्याची खरी चादर शिंपिणीनेच जुन्या पोत्यांना अस्तर लावून शिवली होती. ती कुठेच दिसत नव्हती.

“ओसाड घरांवर कशाला?” शिंपिणीने मुलाला विचारले. “तिथे कोण उठलंय सकाळी?”

“शोभेसाठी गं. समोरचा डोंगर कसा उठून दिसतोय बघ.”

मधवाल्याला मध दाखवण्यासाठी अलीकडे बोलावून घेतले होते. त्याच्या रिकाम्या घरावरचे निळे कापड दिवसभर ‘मी ठीक आहे’ असे सांगत राहिले. तो स्वतः गच्चीवर बरण्या मांडत होता आणि ते बघून त्याला हसू येत होते.

पाहुणे दुपारी पोहोचले. सगळे सभ्य लोक. त्यांनी श्वास खोल घेतले, ‘वा’ म्हणाले, आवाज आपोआप खाली आणले. त्यांच्यातली एक वयस्क बाई गळ्यात दुर्बीण घालून पक्षी शोधत होती. गावातले लोक चवड्यांवर चालत होते. लोहाराने भाता बंद ठेवला होता. शाळेला सुट्टी दिली होती, कारण मुलांना गप्प ठेवायची हमी मास्तरांनी घेतली नव्हती. शिंपिणीला शिवणयंत्र चालवू नका असा निरोप आला, तेव्हा तिने निरोप आणणाऱ्याला विचारले, “श्वास घेतला तर चालेल ना?”

दिवेलागण झाली. शिंपीण कोपऱ्यावर येऊन उभी राहिली. समोर पिवळे, हिरवे, निळे, केशरी कापड जिथल्या तिथे. अंधार दाटत गेला तरी केशरी कापड उतरले नाही.

ती खानावळीच्या स्वयंपाकघरात गेली. मुलगा ताटे उचलत होता.

“आत्यानं कापड काढलं नाही.”

“काढायचं नाहीये, आई. पाहुणे जाईपर्यंत राहू द्यायचं असं ठरलंय.”

“कोणाचं ठरलंय? तिचं?”

“कंपनीचा माणूस तिला सांगून आला असेलच की.”

“असेलच?”

“आई, हळू बोल.”

त्या रात्री शिंपीण गप्प राहिली. हळू बोल म्हटल्यावर ती गप्प राहिली, ही आयुष्यातली पहिली वेळ. पुढे कोणी तिला धीर द्यायला लागले की ती हेच सांगायची आणि त्यापुढे काही बोलायची नाही.

सकाळी केशरी कापड तसेच होते. पण शेळ्या उतारावर नव्हत्या. ऊन अंगणात आले की आत्या शेळ्या सोडायची. पाऊस असो, ताप असो, भावाचा मृत्यू असो, शेळ्या सुटायच्या. शिंपीण उन्हाकडे आणि उताराकडे आळीपाळीने बघत राहिली. मग ती प्रमुखाकडे गेली.

“कोणालातरी पलीकडे पाठव.”

“आज? सगळी माणसं कामाला लागलीत. दुपारी सह्या आहेत.” प्रमुखाने आवाज आणखी खाली आणला. “कापड दिसतंय ना? मग?”

“ते कापड तिचं नाही.”

“उद्या सकाळी जीप मोकळी झाली की तुझा मुलगाच जाईल. संध्याकाळपर्यंत तरी दम धर.”

“तू काल जेवलास का?” शिंपिणीने विचारले.

“म्हणजे?”

“ती जेवली की नाही ते मला माहीत नाही. म्हणून तुला विचारलं.”

गच्चीवर पाहुणे खुर्च्यांत बसले होते. पत्रकवाला त्यांना उतार दाखवत होता; कुठे खोल्या, कुठे बाग. त्याचे वाक्य अर्धे झाले असताना शिंपीण त्यांच्यामधून चालत कोपऱ्यावर गेली, कठड्याला पोट टेकवले आणि हाक मारली.

“वन्सं!”

हाक दरी ओलांडून कड्यावर आपटली आणि परत आली. ती विरली. ओ आली नाही.

तिने पुन्हा हाक मारली. मधवाल्याच्या हातात बरणी होती. ती खाली ठेवून तो शेजारी उभा राहिला आणि त्याने हाक दिली. लोहार दुकानातून बाहेर आला. दुकानदारीण आली, मास्तर आले. एकाची हाक विरली की दुसऱ्याची जायची. इतक्या माणसांत कोणीही कोणाच्या आवाजावर आवाज चढवला नाही. शेवटी जीपवाला आला. या वेळी त्याने घाई केली नाही. “आत्या!” म्हणून त्याने शेवटचा स्वर दम संपेपर्यंत धरला.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोघेतिघे उठून उभे राहिले होते. फोन वर धरलेले होते. एक जण म्हणाला, “हे पत्रकात का नाही?” पत्रकवाल्याच्या चेहऱ्यावर हसू आले, सुटलो असे वाटल्यावर येते तसे. नीट आठवून सांगणारे सांगतात की तोही टाळ्या वाजवत होता.

दुर्बीणवाली बाई मात्र थांबली. तिचे लक्ष दरीकडे नव्हते, शिंपिणीच्या तोंडाकडे होते. तिने गळ्यातली दुर्बीण काढून शिंपिणीच्या हातात दिली आणि ती डोळ्यांना कशी लावायची ते दाखवले.

शिंपिणीने पाहिले. केशरी कापड एका बाजूने सुटून खांबाला पिळा घालून बसले होते. खाली शिडी आडवी पडली होती. शिडीजवळ घराच्या भिंतीला टेकून काहीतरी करडे होते. पोत्याच्या अस्तराची ती चादर. चादर हलली.

“जिवंत आहे,” शिंपीण म्हणाली. मग ती वळली आणि हळू बोलली नाही. “टाळ्या कसल्या वाजवता? बाई मरायला टेकली आहे तिकडे!”

लोक निघाले. मधवाला आणि जीपवाला सर्वांत पुढे. लोहाराने खानावळीतली एक खाट उचलून घेतली. पाहुणे बाजूला झाले. कोणी सह्यांचा विषय काढला नाही.

आत्याला खाली आणून दवाखान्यात नेले, म्हणजे खालच्या शहरातल्या. गावातल्या दवाखान्याला कुलूपच होते. खुब्याचे हाड मोडले होते. काय झाले ते तिनेच सांगितले. कंपनीच्या माणसाने न विचारता खांब ठोकला. ती तेव्हा शेळ्यांमागे होती; त्या संध्याकाळी तोंडाने ओ देता आली, म्हणून कापड तसेच राहिले. पाहुणे आले त्या दिवशी दिवेलागणीला कापड उतरवायला गेली, तर हात पोहोचेना. शिडी लावली. शिडी सरकली. सरपटत दारापर्यंत गेली, चादर ओढून घेतली. हाका ऐकू येत होत्या, पण तोंडाला इतकी कोरड पडली होती की ओ बाहेर पडली नाही.

“राहू द्यायचं की तसंच,” जीपवाला म्हणाला.  “कशाला चढलीस?”

“दिवे लागले होते,” आत्या म्हणाली. “कापड वर ठेवून आत कशी जाऊ? तुम्ही सगळे तिकडे काय समजला असता?”

बरी होईपर्यंत आत्याची खाट शिंपिणीच्या शिवणाच्या खोलीत टाकली. दोघी आता एका हाताच्या अंतरावरून ओरडायच्या. सवय जात नव्हती. शेळ्या मधवाल्याने सांभाळायला नेल्या.

फळांची टोपली घेऊन पत्रकवाला आला, तो याच खोलीत. त्याने मनापासून विचारपूस केली. मग पिशवीतून सुधारलेल्या पत्रकाचा मसुदा काढला. गावाने आधी वाचून होकार द्यावा, अशी कंपनीची या वेळी इच्छा होती.

“वाच,” आत्या म्हणाली.

त्याने वाचले. ‘सूर्यास्ताला पारंपरिक हाकांचा सामूहिक कार्यक्रम.’

“पुढे.”

‘समोरच्या उतारावर प्राचीन दगडी घर. सध्या रिकामे. मुक्कामासाठी विकसित करण्याजोगे.’

शिंपिणीचे यंत्र थांबले.

“रिकामं?” आत्याने विचारले.

“सध्या म्हटलंय, आजी.”

“मी का पडले, ते कुठे आलंय?”

“अपघात पत्रकात लिहीत नाहीत.”

“अपघात!” शिंपीण उठली. “तुझ्या माणसानं न विचारता खांब ठोकला, सत्तरीच्या बाईला शिडी चढायला लावली, ती रात्रभर उघड्यावर पडली आणि तुझं ते कापड वरून सगळ्या गावाला सांगत राहिलं की ती मजेत आहे. याला तू अपघात म्हणतोस? आणि तिची खाट इथं टाकली, तर लगेच तिचं घर रिकामं? आयत्या बिळावर नागोबा ते हेच!”

“मावशी, मी फक्त लिहितो. ठरवणारे वेगळे.”

“मग त्यांना लिही,” आत्या म्हणाली. “लिही की घर नांदतं आहे.”

“पण तिथे कोणी राहत...”

“मी राहणार आहे,” दारातून जीपवाला म्हणाला. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. “उद्या जातोय. शेळ्या परत आणतो.”

“आणि जीप?” शिंपिणीने विचारले.

“जीपचे हप्ते ह्यांचीच कंपनी भरते. किल्ली प्रमुखाकडे देऊन आलो.”

प्रमुखाने गावभर बोंब केली. डॉक्टर गेला, रस्ता गेला, एका पोराच्या हट्टापायी. गावातले निम्मे लोक आजही प्रमुखाचेच बरोबर म्हणतात, आणि डॉक्टर खरोखरच आलेला नाही. मसुद्यातली रिकाम्या घराची ओळ मात्र निघाली. हाकांची राहिली.

त्यामुळे पाहुणे येत राहिले, थोडे थोडे. पहिल्या खेपेला पत्रकवाला सोबत होता, कॅमेरेवाल्याला घेऊन. दिवेलागणीला शिंपीण कोपऱ्यावर आली. गच्चीवर गर्दी होती. तिने तिकडे पाहिले नाही.

“जेवलास का?”

“भाकरी करपली!”

“तवा पुसून घेत जा! काळी शेळी कशी आहे?”

“पोट बिघडलंय! सगळं अंगण घाण केलंय!”

“दूध वेगळं ठेव! दार नीट लाव!”

“ओ!”

ती वळली. कॅमेरेवाला घाईने पुढे आला. “बाई, पहिला भाग सुटला. पुन्हा एकदा घ्या ना. ते शेळीचं नको, नुसती हाक.”

“त्यानं ओ दिली,” शिंपीण म्हणाली. “आता कशाला हाक मारू?”

ती घरात गेली. गच्चीवर थोडी कुजबुज झाली. मग पत्रकवाल्याने स्वतःच कठड्याला टेकून तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली. एक, लगेच दुसरी, लगेच तिसरी. तिन्ही एकमेकींत गुंतून कड्यावरून परत आल्या. समोरच्या घरात दिवा होता. कोणी बाहेर आले नाही.

खोलीत आत्याने मान वर केली. “कोण ओरडतंय गं?”

“कोणी नाही, वन्सं,” शिंपीण म्हणाली. “हा दोरा तेवढा ओवून द्या.”